जाम नदीतला ड्रॅगन

३ जून, मंगळवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज पाचला उठणार. आज सहा वाजले, पण आज पहिला दिवस.

निर्णय पक्का. लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगमध्ये चौदा वर्षं घातली. पांढुर्ण्यातल्या निम्म्या जोडप्यांची सप्तपदी माझ्या हार्ड डिस्कमध्ये पडून आहे. आता लोक मोबाईलवरच शूटिंग करून राहिले. काही जण म्हणतात माझा धंदा बसला. धंदा बसला नाही, माझ्यातला दिग्दर्शक मोकळा झाला.

ॲनिमेशन सिनेमा करणार. विषय गोटमारीची दंतकथा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना गोटे मारतात त्यामागची. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघं पळून येतात, जाम नदीच्या मधोमध सापडतात. तिकडून सावरगाववाले गोटे मारतात, इकडून आपले लोक वाचवायला धावतात. लांबी तीन तास, मध्यंतर धरून.

त्यासाठी मुंबईचा स्टुडिओ लागत नाही. तलवारी-जादूगारांचा जो व्हिडिओ गेम असतो, त्याच्याच इंजिनात सिनेमा होतो. आतली माणसं आपण सांगू तिथं उभी राहतात, सांगू तशी चालतात. वरून आपला आवाज भरायचा. हे मला मंगेशनं दाखवलं. मंगेश पहिलीपासूनचा मित्र, घर सावरगावात, तिथल्याच शाळेत गणित शिकवतो. गेम त्याचा, कॉम्प्युटर माझा. कल्पना अर्थातच माझी.

५ जून. ७.२०
मंगेशनं हिरॉइन दाखवली. कान टोकदार. त्या गेममध्ये देखणी बाई टोकदार कानांचीच मिळते म्हणे. म्हटलं, डोक्यावर पदर दे. पदर नाही, झग्याची टोपी आहे. टोपी दिली. आता ती सावरगावची कमी आणि पावसात सापडलेली जास्त वाटते. चालेल.

कापसाचं शेत नाही. संत्र्याचं झाड नाही. बैल नाही. घर मागितलं तर किल्ला निघतो. मंगेश म्हणाला, सफरचंदाच्या झाडाला रंग देऊन पाहू. मी म्हणालो, ह्या बारीकसारीक गोष्टी तुझ्याकडे. मी सिनेमा पाहतो.

९ जून
मोठी अडचण. गेममध्ये गोटा फेकायची हालचालच नाही. तलवार चालते, बाण सुटतो, तळहातातून आगीचा गोळा निघतो. मंगेश म्हणे, गोट्याशिवाय गोटमार कशी दाखवशील बे?

दोन मिनिटं डोळे मिटले. सुचलं. सावरगाववाले आगीचे गोळे फेकतील. शिवाय नदीत ड्रॅगन. इंजिनात ड्रॅगन फुकट बसून आहे, तर वापरायचा नाही का?

मंगेशनं विचारलं, ड्रॅगन कोणाच्या बाजूनं. म्हटलं, सावरगावच्या. उघड आहे.

तो चहा अर्धा टाकून गेला. कलावंतांचे मूड सांभाळणं हेही दिग्दर्शनच.

१२ जून
विजयाला हिरॉइनच्या आवाजासाठी बसवलं. बायको म्हणून नाही, आवाज खरंच चांगला आहे. पोस्टाच्या खिडकीवर बसते, लोक नुसता आवाज ऐकून रांगेत नीट उभे राहतात.

तिनं कागद वाचला. म्हणाली, "चारच वाक्यं आहेत. त्यातले तीन 'नाही, नाही'."
म्हटलं, चौथं वाच.
"चौथं 'वाचवा'."
मग म्हणाली, "ते पोरगी घर सोडून काऊन निघाली, ते तरी लिहा ना."
म्हटलं, प्रेमात.
"ते तुमच्या पोराचं झालं. तिचं काय?"

पोस्टात बसून बसून हिला प्रत्येक गोष्टीवर पूर्ण पत्ता लागतो. कथेत थोडं अधांतरी असावं लागतं. समजावलं नाही.

१८ जून
शाळा सुरू. मंगेश आता शाळा सुटल्यावर साडेचारला माझ्या फोटो स्टुडिओत येतो, सातपर्यंत बसतो. त्यानं एक अट घातली. तो काम करताना मी शेजारी बसून बोलायचं नाही. मान्य केली. देखरेख आतल्या खोलीतून करतो, तिथं कूलर आहे. आज देखरेख करता करता डोळा लागला.

पाचला उठणं तूर्त स्थगित. दुपारी काम असल्यावर सकाळी उठण्यात अर्थ नाही.

२४ जून
गेममधले माणसांचे चेहरे संपले. वीसच आहेत, ते सगळे पांढुर्ण्याला लागतात. सावरगाववाल्यांसाठी हिरव्या कातडीचे राक्षस ठरवले. मंगेश म्हणाला, "माही माय त्या गावात राह्यते, गजू." म्हटलं, अंबाकाकूंना आपण गोरा राक्षस देऊ.

मी विनोद केला होता. तो हसला नाही. गणिताचे मास्तर.

३ जुलै
मंगेशनं माझा चांगला माइक दोन दिवसांसाठी मागितला. अंबाकाकूंचा आवाज रेकॉर्ड करायचा म्हणे. दिला. स्वतःच्या आईला गर्दीच्या आवाजासाठी आणणारा कार्यकर्ता आजकाल मिळत नाही.

जाताना दारात थांबून म्हणाला, "आईची गोष्ट ऐकशील का? ते पांढुर्ण्याची लेक, सावरगावात देल्ली. गोटमारीच्या दिवशी भाऊ ह्या काठावर, नवरा त्या काठावर." म्हटलं, नक्की ऐकू, आपला सिनेमा झाल्यावर. विषय भरकटू द्यायचा नाही, हा माझा नियम आहे.

१० जुलै
जोरदार प्रगती. पोस्टर तयार. मीच डिझाइन केलं, फ्लेक्स छापून दुकानावर लावला. 'कथा, पटकथा, संवाद, संकल्पना, दिग्दर्शन: गजेंद्र.' मध्ये ड्रॅगन, त्याच्या तोंडात सावरगावचा झेंडा. खाली 'गणेशोत्सवात'.

मंगेश बराच वेळ पाहत उभा राहिला. विचारलं, माझं नाव कुठं. बोट ठेवून दाखवलं. 'तांत्रिक साहाय्य'मध्ये आहे. विजेच्या मीटरच्या पेटीआड येतं, पण डावीकडून आलं की स्पष्ट दिसतं.

पटकथा चौथ्या पानावर आहे. पहिली तीन पानं शीर्षकाची.

२२ जुलै
विजया दर रविवारी सावरगावला जाऊन राहिली, अंबाकाकूंकडे. लोणच्याचं काहीतरी. चांगलं आहे, माणसानं काही ना काही शिकत राहावं.

आज पोळ्या लाटताना पुटपुटत होती, "दोघांची ताटं वाढून ठेवली. कोण येईन, ते पाहीन." मी आतून सांगितलं, मी जेवलोय, एकच वाढ. ती हसायला लागली. का ते कळलं नाही. विचारलंही नाही, ड्रॅगनच्या पंखांचा विचार चालू होता.

६ ऑगस्ट, बुधवार
लिहायला हात चालत नाही. तरी लिहितो. पुरावा राहिला पाहिजे.

मंगेशची शाळेत मीटिंग होती, आला नाही. म्हटलं, आपला सिनेमा कुठवर आला ते पाहू. कॉम्प्युटर उघडला. 'ड्रॅगन' नावाचा फोल्डर. आत चाळीस सेकंद. ड्रॅगन पाण्यात उभा आहे. मागं एक राक्षस भिंतीत अर्धा घुसला आहे, पाय हलवतोय. बस.

शेजारी दुसरा फोल्डर, 'आई'. सात मिनिटं दहा सेकंद.

पाहिला. नदी आपली. तीच, उथळ, मध्ये दगड. काठावर संत्र्याची झाडं, लांबून पाहिलं तर कोणी सफरचंद म्हणणार नाही. त्या बाईच्या टोपीला त्यानं लुगड्याचा काठ दिलाय, तो पदरच वाटतो. कान दिसत नाहीत. आणि गोटे आहेत. बाण सुटतो त्याच जागी त्यानं बाण लपवून गोटा बसवला आहे. मला एकदाही सांगितलं नाही की असं करता येतं.

बाई खिडकीत उभी. मागं दोन ताटं. एक नवऱ्याचं, एक भावाचं. तिकडून आरडाओरडा येतो. मग नवऱ्याला चौघं उचलून आणतात, एक डोळा गेलेला. कोणाचा गोटा, कोणाला ठाऊक नाही. भावालाही नाही. भाऊ त्या दिवसापासून तिच्या घरी येत नाही. अकरा वर्षं. ती दर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन ताटं वाढते. बाराव्या वर्षी भाऊ संत्र्यांची थैली घेऊन अंगणात येऊन बसतो. कोणी बोलत नाही. एका डोळ्याचा नवरा संत्रं सोलतो आणि अर्धं त्याच्यापुढं धरतो. संपलं.

बाईचा आवाज विजयाचा. माझ्या घरात राहणाऱ्या विजयाचा.

दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पुरावा म्हणून. डोळ्यांत पाणी आलं ते संतापाचं.

७ ऑगस्ट
सकाळी विजयाला विचारलं. म्हटलं, माझ्या कॉम्प्युटरवर, माझ्या माइकमध्ये, माझी बायको. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "आम्ही तुमाले दोनदा सांगतलं. एकदा तुम्ही म्हणाले, सिनेमा झाल्यावर. एकदा तुम्ही झोपून होते."
म्हटलं, झोपलेल्या माणसाला सांगणं म्हणजे सांगणं नव्हे.
"मंग जागे कधी राह्यता, ते लिहून ठेवा," म्हणाली आणि पोस्टात गेली.

साडेचारला मंगेश नेहमीसारखा आला. चप्पल काढली. मी तयारी करून बसलो होतो, चार मुद्दे कागदावर. पहिल्याच मुद्द्यावर आवाज चढला. विश्वासघात हा शब्द मी तीनदा वापरला. म्हटलं, तीस वर्षांची दोस्ती, आणि माझ्या पाठीमागं, आतल्या खोलीपासून दहा पावलांवर.

तो मग म्हणाला, "तुह्या कॉम्प्युटरवर तुले न विचारता केला. ते माहं चुकलं. माफ कर."
म्हटलं, आणि बाकीचं?
"बाकी काही चुकलं नाही. तू माह्या गावाले राक्षस केलं, गजू. मी सहा दिवस त्या राक्षसाईले रंग दिला. सातव्या दिवशी घरी गेलो त बाबा ओट्यावर बसून होते. एका डोळ्यानं पेपर वाचत. माह्यानं पुढं झालं नाही."

म्हटलं, मला कसं माहीत असणार, तू बोलला नाहीस.
"बोललो," म्हणाला.

पेन ड्राइव्हवर 'आई' घेतला. माइक टेबलावर ठेवला, वायर नीट गुंडाळून. गेला. 'ड्रॅगन' मला ठेवून गेला.

९ ऑगस्ट
कारवाई सुरू. गेमच्या कंपनीला इंग्रजीत ईमेल केला, की माझ्या मित्रानं तुमच्या इंजिनाचा माझ्याविरुद्ध वापर केला आहे. दोन मिनिटांत उत्तर. 'तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' त्यांनी स्वतःहून लिहिलं, महत्त्वाचा. मंगेशला कळेल.

सौंसरला वकिलांकडे गेलो. त्यांच्या लग्नाचा व्हिडिओ मीच केला होता. त्यांनी विचारलं, त्या सिनेमात तुमचं नेमकं काय आहे. म्हटलं, ड्रॅगन. म्हणाले, त्यात ड्रॅगन आहे? म्हटलं, काढून टाकला. त्यांनी पाणी दिलं आणि मुलीच्या बारशाला शूटिंगला याल का, विचारलं.

१५ ऑगस्ट
एकट्यानं करून दाखवणार. एका माणसाचा सिनेमा, त्यात विश्वासघाताला जागाच नाही. दुकान बंद, दिवसभर बसलो.

संध्याकाळपर्यंतची प्रगती: हीरो नदीत शिरतो आणि बुडतो. अकरा वेळा. बुडण्याआधी वळून इंग्रजीत विचारतो, काही विकत घेणार का. तो गेममध्ये मुळात दुकानदार होता म्हणे. मला कोणी सांगितलं नव्हतं.

विजया चहा ठेवून गेली. घरात आम्ही कामापुरतं बोलून राहिलो. दूध आलं. गॅस आला. मी मुद्दाम 'हो' म्हणत नाही, मान हलवतो.

२३ ऑगस्ट, शनिवार. गोटमार
जायचं नव्हतं. गेलो ते लोकेशनचा अभ्यास म्हणून. काठावर पाय ठेवायला जागा नाही. नदीच्या मधोमध पळसाचं झाड, त्यावर झेंडा, जो पळवायचा असतो. दोन्हीकडून गोटे चालू.

एक गोटा उचलला. आंब्याएवढा. फेकायचा उद्देश नव्हता, वजन पाहत होतो. समोरच्या काठावर मंगेश कुठं दिसतो का, तेही पाहत होतो. दिसला नाही. हात वर नेला तेव्हा मागून कोणाचा तरी धक्का लागला आणि गोटा माझ्याच उजव्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

पुलाजवळच्या मलमपट्टीच्या तंबूत लंगडत गेलो. रांगेत बसलो. माझी पाळी आली तर समोर मंगेश. पिवळा बिल्ला लावून, हातात कापूस. शाळेतले मास्तर दरवर्षी सेवेला असतात, हे मी विसरलो होतो.

"कुठं लागलं?"
"अंगठ्याले."
"कोणाचा गोटा?"
"तिकडून आला."

त्यानं नदीकडे पाहिलं. मग माझ्या अंगठ्याकडे. म्हणाला, "तिकडचा गोटा इथंवर पोचत नाही, गजू."

मी पाय पुढं केला. त्यानं नख साफ केलं, औषध लावलं. विचारलं, दुखते का. म्हटलं, नाही. फार दुखत होतं. पट्टी बांधताना त्याचं डोकं खाली होतं, केस मागून विरळ झालेत. हे कधी झालं, कळलं नाही. पट्टी झाल्यावर त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली. त्याचं कपाळ फुटलं होतं. मी उठलो.

घरी विजयानं विचारलं, कसं लागलं. म्हटलं, हातातून पडला. तिनं हळदीचं दूध दिलं.

२६ ऑगस्ट
पोस्टरचा फ्लेक्स काढला. कायमचा नाही. ऊन लागून रंग उडत होता.

३१ ऑगस्ट, रविवार
सावरगावच्या गणेश मंडळात मंगेशचा सिनेमा. जाणार नव्हतो. बहिष्काराची तयारी पूर्ण होती, विजयाला दुपारीच कळवलं होतं. ती तयार होऊन गेली.

सहा वाजता लक्षात आलं की त्यातला आवाज माझ्या माइकचा आहे. आवाज मंडपात कसा येतो हे पाहणं माझी तांत्रिक जबाबदारी. गेलो. चप्पल अंगठ्याला लागत होती, पूल पार करायला वीस मिनिटं लागली.

मागं खांबाशी उभा राहिलो. पुढच्या खुर्चीत अंबाकाकू, शेजारी मंगेशचे बाबा. पडदा म्हणजे चादर, वाऱ्यानं हलत होती, त्यामुळं नदी खरीच हलत होती. लेकरं आधी हसली, बाईच्या झग्याला. मग ताटं आली आणि मंडप गप्प झाला. भाऊ अंगणात येऊन बसला तेव्हा काकूंनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि काका चादरीकडे बघत राहिले, मान थोडी वाकडी करून, चांगल्या डोळ्यानं.

पांढुर्ण्याकडचे पण बरेच जण आले होते. संपल्यावर कोणीतरी टाळी वाजवली.

पाट्या आल्या. गोष्ट: अंबाबाई. आवाज: विजया. दिग्दर्शन: मंगेश. मी वाट पाहिली. शेवटी आलं, 'कॉम्प्युटर: गजेंद्र'. पुढं काही नाही. चादर पांढरी झाली.

बोलायची वाक्यं मी घरून तयार करून आणली होती. कडक होती. मंगेश वायरी गोळा करत होता. माझ्याकडे पाहून म्हणाला, "अंगठा कसा आहे?"
म्हटलं, "बरा. आवाज जरा कमी होता."
"हाव. मंडळाचा स्पीकर लहान पडला."

लांब वायर होती, एकट्याला गुंडाळता येत नव्हती. दुसरं टोक धरलं. धरलं नसतं तर गाठी पडल्या असत्या. तो गुंडाळत गुंडाळत माझ्याजवळ आला, टोक घेतलं, पिशवीत टाकलं. म्हणाला, "येतो." म्हटलं, "हो."

परत येताना पुलावर विजयानं विचारलं, "कसा वाटला?"
म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर. ती थांबून माझ्याकडे पाहत राहिली.
म्हटलं, "चांगला आहे."
ती माझ्या लंगड्या पायाच्या चालीनं चालत राहिली.

२ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ९.४०
मोहगावहून एका बाईचा फोन. रविवारी सावरगावात होत्या. म्हणाल्या, "तुम्ही त्या सिनेमातले कॉम्प्युटरवाले ना?"

सांगणार होतो की मूळ कल्पना, दिग्दर्शन, एकूण दृष्टी. त्या थांबून होत्या.

म्हटलं, "हाव. तोच."

म्हणाल्या, त्यांच्या बहिणीची पण एक गोष्ट आहे, मंगेश मास्तरांना ऐकवायची आहे, नंबर द्या. दिला. लिहून घेतला त्यांनी, एकेक आकडा परत वाचून दाखवला. मग विचारलं, "अन् तुम्ही काय करता?"

म्हटलं, फोटो काढतो. पासपोर्ट साइज. दहा मिनिटांत देतो.